दोऱ्याला बांधलेला दिवा

गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे, घाटाच्या तिसऱ्या पायरीवर मालनबाई दिवे घेऊन बसायच्या. बावीस वर्षं त्यांची जागा तीच होती. दुपार कलली की पंचवटीतल्या आपल्या खोलीला कुलूप लावायचं, टोपली डोक्यावर घ्यायची आणि नदीवर यायचं. नदीला इथे सगळे गंगाच म्हणतात. पायरीवर ओलं फडकं फिरवून त्या द्रोण मांडायच्या. द्रोणात झेंडूच्या पाकळ्या आणि मधोमध छोटासा दिवा. ऊन पाण्यावरून उठून देवळांच्या कळसांवर जाईपर्यंत सगळं लावून झालेलं असायचं. मग माणसं यायची. नवस फेडणारी, नवीन लग्न झालेली, आणि आपल्या माणसाचे दिवस घालून डोळे सुजलेली. प्रत्येक जण वाकून दिवा पाण्यात ठेवायचा आणि हात काढून घेण्याआधी क्षणभर थांबायचा. मालनबाईंना तो क्षण फार आवडायचा. इतक्या वर्षांत त्याचा कंटाळा आला नव्हता.

दिवे पुलाखालून निघून जायचे. पुढे ते कुठे जातात हे मालनबाईंनी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते होतं. चौथीत असताना त्यांनी नकाशावरची निळी रेघ बोटाने पार समुद्रापर्यंत नेली होती. पहाटे अर्धवट जाग असताना त्यांना कधी कधी दिसायचं, की आजवर विकलेले सगळे दिवे एकामागून एक चाललेत. निफाडकडच्या द्राक्षबागांमधून, मग ओळखीच्या नसलेल्या गावांवरून. काठावरची गुरं मान वर करून बघतायत आणि एकही दिवा विझत नाहीये. उठल्यावर चहा ठेवतानासुद्धा ते चित्र डोळ्यांपुढून हलायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी घाटावर चंदेरी द्रोण आले. कागदावर प्लास्टिकचा चकचकीत थर दिलेले. त्याआधी पळसाच्या पानांचे द्रोण असायचे. पेठकडच्या डोंगरातून भिमाबाई ते बुधवारच्या बाजाराला घेऊन यायच्या. पानाचा द्रोण पाणी प्यायचा आणि पुलापर्यंत जेमतेम पोचायचा. चंदेरी द्रोण मात्र भिजत नव्हता, कलंडत नव्हता. पुलापलीकडे गेला तरी त्यातली ज्योत बराच वेळ दिसत राहायची. गिऱ्हाईक तोच मागू लागलं, तेव्हा मालनबाईंनी भिमाबाईंना सांगितलं, की आता द्रोण आणू नका. वर त्यांनी स्वतःची एक हौसही केली. कात्रीने प्रत्येक द्रोणाच्या कडेला आठ चिरा देऊन त्या पाकळ्या बाहेर वळवायच्या. चंदेरी कमळ तयार व्हायचं. घाटावर तसं दुसरं कुणी करत नव्हतं.

दर सोमवारी निवृत्ती सर यायचे. उंच, खांद्यातून थोडे वाकलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. सिडकोतल्या एका शाळेत गणित शिकवून ते रिटायर झाले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, सविता, गेली. सर एकच दिवा घ्यायचे. "कमळ द्या मालनबाई, ते लांब जातं," एवढंच बोलायचे. दिवा सोडून तो दिसेनासा होईपर्यंत पायरीवर उभे राहायचे. त्यांचे ओठ किंचित हलायचे. मालनबाई तेवढा वेळ दुसरीकडे बघायच्या.

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी सरांनी पहिल्यांदा एक प्रश्न विचारला.

"हे पुढे कुठपर्यंत जात असतील हो?"

"समुद्रापर्यंत," मालनबाई म्हणाल्या.

"खरंच?" सर हसले. त्यांना हसताना मालनबाई पहिल्यांदाच बघत होत्या. "मग बरं आहे. सविताने समुद्र पाहिला नव्हता."

सर निघून गेले आणि मालनबाईंना आपल्याच उत्तराची टोचणी लागली. इतकं ठासून सांगितलं, पण आपण कुठे पाहिलंय? त्या दिवसांत धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं. गंगा जेमतेम वाहत होती, दिवे फार लांब गेले नसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी शाल गुंडाळली आणि काठाकाठाने खाली चालायला लागल्या.

धुकं इतकं होतं, की पलीकडचा काठ नव्हताच. टाळकुटेश्वराच्या देवळाच्या पुढे माणसांची वर्दळ संपली. पाण्यावरून वाफा निघत होत्या आणि त्या वाफांत मधूनच एखादी पायरी, एखादं झाड, पाण्यात उभी असलेली एखादी म्हैस दिसायची आणि परत पुसली जायची. मालनबाईंना वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत. पायांखालची वाळू ओली होती, तेवढ्यावरूनच कळत होतं की जाग आहे.

तपोवनाच्या अलीकडे नदी वळते. त्या वळणावर पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरला होता आणि त्यावर काहीतरी चमकत होतं. शेकड्यांनी पांढरे ठिपके. बगळ्यांचा थवा उतरलाय असं वाटून मालनबाई जागेवरच थांबल्या, उडून जाऊ नयेत म्हणून. धुक्यातून ऊन खाली आलं तसे ते ठिपके एकदम झळाळले. दृश्य इतकं सुंदर होतं, की त्या तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या.

मग त्या जवळ गेल्या.

ते द्रोण होते. एकात एक अडकलेले, उलटे, सुलटे, चिखल भरलेले. आणि त्यातल्या कितीतरी द्रोणांना आठ आठ पाकळ्या होत्या.

एक खरा बगळा तिथे होता. वेलींवर तोल सांभाळत उभा राहून तो चंदेरी तुकड्याला मासा समजून चोच मारत होता. तुकडा चोचीत आला की मान मागे टाकून गिळायला बघायचा. गिळला जायचा नाही. डोकं झाडायचा, टाकायचा आणि परत तोच उचलायचा. मालनबाईंनी टाळ्या वाजवल्या, ओरडल्या. बगळा दोन पावलं सरकला आणि पुन्हा त्याच तुकड्याकडे वळला. शेवटी त्या पातळ गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरल्या. बगळा तुकडा टाकून उडाला.

हातात येतील तेवढे द्रोण त्यांनी शालीत गोळा केले. वरचा थर उचलला की खाली आणखी एक थर होता. त्याखालीही होताच. हे दुसऱ्या कुणाचं आहे असं म्हणायला जागा नव्हती. आपल्या कात्रीची चीर माणूस ओळखतोच.

बुधवारी बाजारात भिमाबाई वालाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. मालनबाई त्यांच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या.

"द्रोण आणाल का परत?"

भिमाबाईंनी शेंगा निवडता निवडता वर पाहिलं. "तुमीच सांगितलं व्हतं ना, नको म्हनून?"

"सांगितलं होतं. चुकलं माझं."

भिमाबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग शेंगा बाजूला सारून त्यांना बसायला पोतं दिलं. मालनबाईंनी वळणावरचं सगळं सांगितलं. बगळ्याचंही सांगितलं.

"वाळवलेली पानं हायती घरात," भिमाबाई म्हणाल्या. "पानी शिंपडलं का नरम व्हत्यात. पन बाय, लांब नाय जायची. पान हाय ते. पान्यात गेलं का पानीच व्हतंय."

"होऊ दे," मालनबाई म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी द्रोण आले, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचलेले, मातीचा वास असलेले. दिव्यासाठी आतापर्यंत वापरलेली पत्र्याच्या वाटीतली मेणबत्तीही मालनबाईंनी बंद केली. कणकेचे इवलेसे दिवे वळले, त्यात वात आणि चार थेंब तूप. त्यानंतरच्या सोमवारी सर आले, तेव्हा टोपलीत फक्त पानांचे द्रोण होते.

"कमळ नाही?"

"आता हेच ठेवते, सर."

सरांनी दिवा घेतला, पाण्यात ठेवला. कणकेच्या वजनाने तो पाच-सहा हातच गेला असेल. एका बाजूने पाणी आत शिरलं, द्रोण कलला आणि चर्र आवाज करून ज्योत गेली. लगेच पाण्यात खळबळ झाली. काळेभोर मासे वर आले आणि त्यांनी कणकेचा दिवा खाऊन टाकला. मालनबाईंना ते फार छान वाटलं. सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आनंद मावळला.

"हे काय दिलंत मला?" सर हळूच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते दोन जागा सोडून बसणाऱ्या धनराजकडे गेले, चंदेरी द्रोण घेतला आणि तो पुलाखाली जाईपर्यंत उभे राहिले. जाताना मालनबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी सर सरळ धनराजकडे निघाले, तेव्हा मालनबाई उठल्या आणि त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"सर, उद्या सकाळी याल का? तुम्हाला एक दाखवायचंय. मी खोटं बोलले होते तुमच्याशी."

सर आले. मफलर गुंडाळून, हातात काठी घेऊन. दोघं वळणावर पोचले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. सरांनी काठीच्या टोकाने एक चंदेरी कमळ काठाकडे ओढलं, वाकून उचललं आणि अंगठ्याने त्याचा चिखल पुसला.

"हा माझा असेल का?"

"असेल," मालनबाई म्हणाल्या.

"मला वाटायचं ती लांब पोचली." सरांनी ते कमळ हातात फिरवलं. "आणि इथे, अर्ध्या तासाच्या वाटेवर, चिखलात."

"ती नाही हो, सर. द्रोण आहे तो."

सर काठावरच्या एका दगडावर बसले. समोर खंड्या वेलींवरून सरळ निळी रेघ मारत गेला.

"मालनबाई, दिवा दिसतो तोपर्यंत मी तिच्याशी बोलतो. आठवड्यात काय झालं ते सांगतो. मुलगा फोनवर काय म्हणाला, कढीपत्त्याला किती पानं आली. तुमचा पानाचा दिवा बुडला तेव्हा माझं वाक्य अर्धं राहिलं. राग त्याचा आला होता."

बगळ्यासाठी केलेल्या गोष्टीने माणसाचं बोलणं तुटेल, हे मालनबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी सोबत आणलेलं गोणपाट उघडलं आणि द्रोण भरायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सरही उठले. काठीने ते एकेक द्रोण जवळ ओढून देऊ लागले.

त्यानंतरच्या सोमवारी सर आले ते काखेत एक लाकडी आसारी घेऊन. येवल्यात पतंग उडवताना दोरा गुंडाळायला धरतात ती. तिचा दांडा हातांनी झिजून गुळगुळीत झाला होता.

"येवला आमचं गाव," सर म्हणाले. "संक्रांतीला गच्चीवर मी पतंग उडवायचो आणि आसारी सविता धरायची. मांजा नाही लावलाय. साधा सुती दोरा आहे." ते थोडे लाजले. "पतंगाला ढील देतात, मग ओढून घेतात. दिव्याला नाही का जमणार?"

मालनबाईंना पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा त्या फुलवाल्याकडे धावत गेल्या आणि केळीच्या खोडाची एक जाड चकती कापून आणली. चकती पाण्यावर तरंगते हे त्यांना पूजेच्या दिवसांत दिसलेलं. पानाचा द्रोण तिच्यावर बसवला, बांबूच्या काडीने टोचून पक्का केला आणि काडीला दोरा बांधला. कणकेच्या दिव्यात या वेळी तूप जरा जास्तच घातलं.

सरांनी दिवा पाण्यात ठेवला आणि ढील दिली. आसारी त्यांच्या हातात हळूहळू फिरू लागली. दिवा पायऱ्यांपासून दूर गेला, मधल्या धारेला लागला आणि पुलाच्या सावलीत शिरला. वारा पडलेला होता. सगळ्या घाटावर एक जांभळट उजेड पसरला होता आणि देवळातल्या घंटांचा आवाज पाण्यावरून येताना मऊ होऊन येत होता. सर बोलत होते. आज त्यांचा आवाज ऐकू येत होता, पण मालनबाईंनी शब्दांकडे लक्ष दिलं नाही.

"ओढ लागतेय हो," सर मध्येच म्हणाले. "हाताला जाणवते. पतंगाची लागायची तशीच."

दिवा पुलाच्या पलीकडे गेला आणि केशरी ठिपका झाला. सर बराच वेळ बोलले. तीन वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच बोलणं संपवायचं त्यांच्या हातात होतं. मग ते गप्प झाले आणि आसारी उलटी फिरवू लागले. ओढून घेताना विझेल, असं दोघांनाही वाटत होतं. ठिपका पुन्हा ज्योत झाला. पुलाच्या सावलीतून बाहेर आला, पायरीला टेकला. ज्योत नखाएवढी उरली होती, पण होती.

"आता याचं काय करू?" सरांनी विचारलं. गणिताच्या मास्तरांच्या तोंडी तो प्रश्न अगदी लहान मुलासारखा वाटला.

"वात शांत होईपर्यंत बसू इथे. मग कणीक माशांना घाला, वात मला द्या. पान न्या घरी. तुमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत घाला."

दोघं पायरीवर बसले. गिऱ्हाईक आलं तरी मालनबाई उठल्या नाहीत. "थोडं थांबा," एवढंच म्हणाल्या, आणि लोक थांबले.

दोऱ्याचा दिवा सगळ्यांना पटला असं नाही. एका बाईंनी सरळ तोंडावर सांगितलं, "सोडलेला दिवा परत घेतात होय? काहीतरीच." मालनबाईंनी वाद घातला नाही. "तुमच्या मनाला येईल तसं करा," म्हणाल्या आणि दोऱ्याशिवायचा पानाचा द्रोण दिला. काही जणांना मात्र ते इतकं आवडलं, की ते दिवा तीनतीनदा सोडायचे आणि परत आणायचे. एक म्हातारे आजोबा, ज्यांच्या बायकोचे दिवस नुकतेच घातले होते, त्यांनी ओढून घेतलेली ज्योत तळहातांच्या आडोशाने पार रिक्षापर्यंत नेली. धनराज लांबून ओरडायचा, "काय मालनबाई, गंगेत पतंग उडवताय का?" महिन्याभराने तोच येऊन केळीच्या चकत्या कुठून आणता ते विचारून गेला. चंदेरी माल संपलाय म्हणून, असं तो म्हणाला. मालनबाईंनी ते ऐकून घेतलं आणि फुलवाल्याचं नाव सांगितलं.

बाकीचे विक्रेते चंदेरीच विकत होते. वळण काही रिकामं झालं नाही. दर मंगळवारी सकाळी मालनबाई आणि सर प्रत्येकी एक गोणी भरून काढायचे आणि वर घंटागाडीपर्यंत न्यायचे. एकदा सरांनी सवयीप्रमाणे हिशेब मांडायला घेतला, की या वेगाने किती वर्षं लागतील. मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, "जाऊ दे. सकाळ चांगली जाते." धुकं सरत चाललं होतं. पाणवेलींना जांभळी फुलं आली होती. गोळा केलेल्या जागेत पाणी मोकळं व्हायचं, आणि तेवढ्याशा मोकळ्या पाण्यात एक टिबुकली, इवलासा पाणपक्षी, बुडी मारून भलतीकडेच वर यायची. दोघं गोणी खाली ठेवून ती आता कुठे निघेल ते बघत राहायचे.

फाल्गुनात भिमाबाईंनी मालनबाईंना घरी बोलावलं. पेठची एसटी धरून, पुढे एका जीपने आणि मग पायवाटेने मालनबाई भिमाबाईंच्या पाड्यावर पोचल्या, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चढ संपला आणि समोरच्या उताराकडे बघून त्यांची पावलं थबकली. सगळा डोंगर पळसाने पेटला होता. झाडांवर एकही पान नव्हतं, नुसती केशरी फुलं. खाली जमिनीवर तसाच सडा. त्यावरून चालताना आवाजच होत नव्हता.

"आता द्रोणाला पानं कुठली आणायची?" मालनबाईंना एकदम काळजी वाटली.

"आता नाय," भिमाबाई म्हणाल्या. "झाड फुलावर हाय, त्याला त्याचं करू दे. नवी पानं आली का खालची घेऊ. शेंड्याची सोडायची. त्याला पन ल्यायला पायजे ना काही."

झाडाखाली त्यांनी पोतं अंथरलं. दिवाळीच्या आधी वाळवलेल्या पानांची चळत काढली, पाणी शिंपडलं, फडक्यात गुंडाळून ठेवली. नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन होईपर्यंत पानं नरम झाली होती. मग भिमाबाईंनी बांबूची काडी मालनबाईंच्या बोटांत दिली. बावीस वर्षं द्रोण विकून मालनबाईंनी एकही द्रोण स्वतः टाचला नव्हता. पहिलं पान फाटलं. दुसरंही फाटलं. वरून एक फूल त्यांच्या मांडीवर पडलं, थोड्या वेळाने आणखी एक. फुलांत शिरलेला एक इवलासा काळानिळा पक्षी उलटा लोंबकळत मध पीत होता आणि त्याच्या वजनाने डहाळी हलत होती. मालनबाई हातातलं काम विसरून वर बघत राहिल्या.

"टाका घाल परत," भिमाबाई हसून म्हणाल्या आणि तिसरं पान त्यांच्यापुढे ठेवलं.